पांढरी दोन, काळी दोन



यशाची गुरुकिल्ली माझ्याकडे नाही, त्यामुळे जॅझमधल्या एका वळणाबद्दल बोलतो.

१९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप ही शैली घडवली. वेग भन्नाट, आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, तर दर दोन-चार मात्रांना बदलणार. पार्करच्या साथीने तयार झालेल्या ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला पुढे वाटू लागलं, ही कॉर्डची गर्दी फार झाली.

२ मार्च १९५९ रोजी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चमध्ये, त्याच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमचं मुद्रण सुरू झालं. त्यातलं 'सो व्हॉट' घ्या. चार मात्रांचा एक बार, असे ३२ बार म्हणजे एक आवर्तन. पहिले १६ बार डोरियन मोड, म्हणजे सात स्वरांचा एकच साचा, पांढरी दोनमध्ये. मग आठ बार तोच मोड काळी दोनमध्ये, शेवटचे आठ परत पांढरी दोन. बस्स! पेटी वाजवणाऱ्यांनी घरी करून पाहावं: पांढरी दोनचा सा धरा आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवा. गंधार-निषाद कोमल, आपल्या काफी थाटाचेच स्वर. पण काफी म्हणून गाऊ नका. आठ बारांपुरता सा-च अर्धा सूर वर सरकवला, तर आपल्या बैठकीतला तानपुरेवाला उठून जाईल.

काम सोपं झालं म्हणाल, तर नाही. कॉर्ड बदलत तोवर वादकाला त्याच पुढे ढकलायच्या. आता सोळा बार तेच सात स्वर. सुचलं नाही की पितळ उघडं. डेव्हिस दोन स्वर लावतो आणि जागा सोडतो. त्याच्यानंतर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन येतो, तो जागा शिल्लकच ठेवत नाही!

याच कोल्ट्रेनने ५ मे १९५९ला 'जायंट स्टेप्स' मुद्रित केलं. त्यात कॉर्ड अशा पळतात की टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादक सोलोत अडखळताना ऐकू येतो. आणि १९६०मध्ये स्वारी पुन्हा मोडकडे: ब्रॉडवेच्या संगीतिकेतलं साधंसं 'माय फेव्हरिट थिंग्ज', सोप्रानो सॅक्सोफोनवर, जवळजवळ चौदा मिनिटं. मला विचाराल तर 'जायंट स्टेप्स'ची कसरत पचवलेला माणूसच एवढा वेळ एका मोडवर ठाण मांडू शकतो. ऐकताना मॅकॉय टायनरच्या पियानोकडे कान ठेवा. मोजक्याच कॉर्ड घोळवत तो कोल्ट्रेनला मैदान मोकळं करून देतो.