वालाच्या गावातलं जिरं



रायगड जिल्ह्यातल्या चौक गावच्या बाजारात जिऱ्याची पुडी बारा महिने मिळते, पण इथल्या शेतात जिरं कुणी पेरत नाही. सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख, तेव्हा दोष पावसाच्या माथी मारणं सोपं. पण जिरं रब्बीचं पीक. नोव्हेंबरात पेरायचं आणि १०० ते १२० दिवसांत काढायचं. पेरणीपर्यंत जवळच्या इर्शाळगडावरचं आभाळ कधीच मोकळं झालेलं असतं.

अडतं ते दमटपणापाशी. जिऱ्याचं झाड गुडघ्याएवढंही होत नाही आणि भलतं नाजूक असतं. फुलोऱ्यात हवा ढगाळ झाली की करपा पडतो, भुरी धरते. जमीन ओली राहिली की मर लागते. कोरडी थंडी मिळते म्हणून ते गुजरात-राजस्थानात पिकतं आणि गुजरातेतल्या ऊंझ्याच्या बाजारातून देशभर जातं. तिथले शेतकरीही माघात आभाळ भरून आलं की धास्तावतात.

आपल्याकडे भातकापणीनंतर खाचरात ओल असते, पहाटे दव पडतं. जिऱ्याला जे मारक, त्यावरच आपला कडवा वाल पोसतो, वरून पाणी न देता. पोपटी करताना, म्हणजे मडक्यात शेंगा भाजताना, आपण या वालाच्या शेंगांना ओवा लावतो. ओवा जिऱ्याचाच भाऊबंद, धने-बडीशेपही त्याच कुळातली. वालाच्या उसळीला, म्हणजे बिरड्याला, मात्र जिरंच हवं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून घेण्यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी ओल्या खोबऱ्याबरोबर चमचाभर जिरं वाटलं नाही, तर त्या कष्टांचं चीज होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपण ज्याला जिऱ्याचा दाणा म्हणतो ते खरं तर फळ. त्याच्या अंगावरच्या रेघांमध्ये तेलाच्या बारीक नळ्या असतात. वास त्या तेलाचा, आणि ते उडून जाणारं. म्हणून दळलेल्या जिऱ्याची पुडी महिनोन्‌महिने ठेवण्यात अर्थ नाही. अख्खं आणा, लागेल तेवढंच कोरडं भाजा, रंग जरा पालटला की लगेच ताटलीत काढा. तापल्या तव्यावर राहिलं तर करपून कडू होतं. फोडणीतही मोहरी तडतडल्यावरच जिरं टाका. ते फुललं की वाल घालायला उशीर नको.