जुन्या इमारतींची करमाफी

कारखाना बंद पडतो, कामगार पांगतात. इमारत मात्र जागच्या जागीं उभी राहते. छप्पर गळूं लागतें, खिडक्यांच्या कांचा फुटतात. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया हें राज्य कोळसा आणि पोलाद यांच्या बळावर नांवारूपास आलें. ते धंदे खालावले तशा तेथील अनेक गांवांतील वखारी व दुकानें ओस पडलीं. अशा इमारतींत कोणी नवा धंदा थाटूं म्हणेल, तर त्याच्या वाटेंत एक चमत्कारिक अडचण येते. मालमत्ता-कर इमारतीच्या मूल्यावर बसतो. ती पडूं दिली तर मूल्य घटतें. नीट केली कीं आकारणी चढते. उद्योगी मालकास हा जणूं दंडच!

ही विसंगति दूर करण्यासाठीं तेथील विधिमंडळानें १९७७ मध्यें एक कायदा केला. एका वर्गांतील सर्वांवर कर सारखाच असावा, असा राज्यघटनेचा दंडक आहे. तथापि जीर्ण मालमत्तेच्या सुधारणेसाठीं मर्यादित मुदतीचा अपवाद तीच घटना मान्य करते. त्यानुसार स्थानिक संस्था जाहीर सुनावणी घेऊन जीर्ण भागाची सीमा ठरविते, व तेथील व्यापारी आणि औद्योगिक इमारतींना अधिकांत अधिक १० वर्षें सवलत देऊं शकते.

ही माफी सगळ्या कराची नव्हे. समजा, पडीक वखारीचें मूल्य १ लाख डॉलर होतें व दुरुस्तीनंतर तें ४ लाख झालें. मूळच्या १ लाखावरील कर चालूच राहतो. सूट मिळते ती वाढलेल्या ३ लाखांवर. अर्ज बांधकामाचा परवाना घेतांनाच करावा लागतो. पुढें इमारत विकली, तरी सवलत इमारतीकडेच राहते.

खरा प्रश्न यापुढचा आहे. तेथें हा कर घेणाऱ्या संस्था तीन: काउंटी म्हणजे परगणा, नगरपालिका आणि शाळामंडळ. प्रत्येकीनें सवलतीचा निर्णय स्वतंत्रपणें घ्यावयाचा असतो. शाळांच्या खर्चाचा मोठा वांटा याच करांतून निघतो. सवलतीमुळेंच दुरुस्ती झाली असेल, तर शाळेचें कांहीं गेलें नाहीं. मुदत संपतांच तिला नवें उत्पन्न मिळेल. परंतु मालक ती दुरुस्ती एरवींही करणारच असेल, तर तेवढी रक्कम शाळेच्या तिजोरींतून गेली, किंवा तिचा भार शेजारच्या दुकानदारावर पडला.

म्हणून सुनावणीस बसणाऱ्या सभासदांनीं एकच प्रश्न विचारावा: ही सवलत नसती, तर हें काम झालें असतें काय? नकाशावर आंखलेला भाग खरोखरच जीर्ण असेल, तरच त्याचें उत्तर प्रामाणिकपणें ‘नाहीं’ असें देतां येईल.