खांब की पाणी?

(राळेगणसिद्धी इथल्या युवक शिबिरात दिलेलं भाषण)



मुंबई-पुण्याहून एस्टीत धक्के खात तुम्ही इथं आलात. सकाळपासून बांध बघितले, विहिरी बघितल्या. या गावाकडं मी परत येणार आहे, पण आधी समुद्रापलीकडं जाऊन येऊ. ज्या बायांना चोरीपायी बोटीत कोंबलं आणि परतीचं तिकीटच दिलं नाही, त्यांच्याबद्दल बोलायचंय.

1789 साल. लंडनच्या कोर्टानं मेरी वेड नावाच्या एका लहान पोरीला फाशी सुनावली. पोरगी रस्ता झाडायची आणि भीक मागायची. चोरलं काय? दुसऱ्या एका पोरीच्या अंगावरचा सुती झगा, टोपी आणि खांद्यावरचं कापड. बस्स! पुढं मेहेरबानी म्हणून फाशी माफ झाली आणि तिला ‘लेडी ज्युलियाना’ बोटीतून ऑस्ट्रेलियाला धाडलं. त्या एका बोटीत दोनशेच्या वर बाया होत्या. 1788 ते 1868 या ऐंशी वर्षांत अशा सुमारे 25,000 बाया तिकडं गेल्या. बहुतेकींचा गुन्हा किरकोळ चोरीचा.

एवढी शिक्षा कशासाठी? तिथं वसाहत उभी करायची होती. राबायला हात पाहिजे होते, कैदी पुरुषांना बायका पाहिजे होत्या. तिथल्या मूळ माणसांची जमीन तर आधीच लाटलेली. ज्यांनी अख्खा खंड चोरला, ते झग्याच्या चोरीचा न्याय करत होते!

तोच गोरा साहेब आपल्याकडं आला. 10 मार्च 1858 ला अंदमानात दोनशे कैदी उतरवले. 1860 च्या पिनल कोडात कलम 75 घातलं. चोरीची एक शिक्षा भोगून आलेला माणूस पुन्हा चोरीत सापडला, तर त्याला जन्मठेप काळं पाणी द्यायची मुभा. म्हणजे माप चोरीच्या मालाचं नाही, माणसाचं. तू कोण, हे आधी ठरवायचं. शिक्षा मागाहून.

अंदमानात पाठवलेल्या बायांमध्ये नवऱ्याचा किंवा मुलाचा खून केल्याचा आरोप असलेल्या पुष्कळ. आपल्या पुण्याची काशीबाई त्यातलीच. विधवा ब्राह्मण बाई. जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करायची. शेजारच्या एका शास्त्रीबुवानं तिला फशी पाडलं. दिवस गेले. लोकलाजेनं तिनं मूल मारलं. तिला जन्मठेप, अंदमान. शास्त्रीबुवाला? काही नाही. जोतीरावांनी 1884 मध्ये सरकारला लिहिलेल्या टिपणात ही हकिकत दिली आहे. पण नुसतं लिहून ते थांबले नव्हते. 1863 मध्येच त्यांनी आणि सावित्रीबाईंनी अशा बायांसाठी आपल्या घराचं दार उघडलं होतं. न्यायाधीशानं बाईला समुद्रापार लोटलं, माळ्याच्या घरानं तिला बाळंतपणाला जागा दिली. न्याय कुणी केला, तुम्हीच सांगा.

समुद्र ओलांडला की जात बुडते, हीच काळ्या पाण्याची खरी दहशत. ती वरच्यांना. जिच्या सावलीचाच विटाळ, तिचं काय बुडणार? अंदमानात बाया मूठभर, पुरुष ढीगभर. काही वर्षं शिक्षा भोगलेल्या बाईला कैद्याशी लग्न करायची परवानगी मिळायची. लग्न केलं तर बराकीतून सुटका. याला मर्जी म्हणायचं? त्यांची पोरंबाळं पुढं ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखली गेली.

बोटी थांबल्या, पण काळं पाणी गावाच्या वेशीपर्यंत आलं. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 मध्ये देशभर लावता येईल असा केला. आमच्या पारधी, कैकाडी, मांगगारुडी बायांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत कोंडलं. हजेरी द्या, गिरणीत राबा. पोटातलं पोर जन्माआधीच चोर! 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. नजर गेली का? गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालापाशी थांबते, हे नगर जिल्ह्यातल्या पोरांना मी सांगायला नको.

आता या गावाकडं येतो. हा पारनेर तालुका, पावसानं कायम पाठ फिरवलेला. राळेगणात एके काळी दारूच्या भट्ट्या पेटायच्या. 1975 नंतर अण्णा हजारेंच्या पुढाकारानं पाणी अडवलं, मातीत जिरवलं. शेती पिकली, हाताला काम मिळालं. याच गावात दारुड्यांना खांबाला बांधून फटके मारल्याचंही जगजाहीर आहे. मग बदल कशानं झाला? खांबानं की पाण्यानं? मी म्हणतो, पाण्यानं. पोटात भूक असेल तर खांब कितीही उंच करा, बोटी कितीही सोडा, चोरी थांबत नाही. चोर फक्त नजरेआड होतो.

3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं सुकन्या शांता या पत्रकार बाईच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, भटक्या-विमुक्तांना जन्मजात सराईत समजू नका, असं बजावलं. स्वातंत्र्याला 77 वर्षं झाल्यावर! निकाल कागदावर आहे. तो तुरुंगात आणि चौकीत उतरवणं आपलं काम.

म्हणून शिबिरातून जाताना एवढंच न्या. तुमच्या वस्तीतली, पालावरची बाई चोरीत पकडली, तर चौकीत तुम्ही जा. एकटीला सोडू नका. काय चोरलं, कशापायी चोरलं, आणि या गुन्ह्यात कोणता शास्त्रीबुवा मोकळा सुटलाय, हे तीन सवाल विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.

जय भीम!