नवोदयचा पेपर आणि पाचवीतले लेकरू

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच आपल्या बीड जिल्ह्यातील कित्येक गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाची गाडी दारात येते. कोयता, भांडीकुंडी, शेळी, तान्हे मूल, सगळे तिच्यात चढते आणि टोळी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याकडे निघते. आणि पुढे महिना-दोन महिन्यांतच, म्हणजे अलीकडे डिसेंबरात किंवा जानेवारीत, पाचवीतल्या मुलांची नवोदयची निवड परीक्षा येते. आईबाप फडात, लेकरू आजीजवळ, आणि आयुष्यातला पहिला मोठा पेपर समोर. आज मला या लेकराविषयी बोलायचे आहे.

नवोदय म्हणजे काय, हे आता खेड्यापाड्यांत सांगावे लागत नाही. 1985-86 साली देशात अशी पहिली दोन विद्यालये निघाली, एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे आपल्या अमरावतीस. पुढे 1986 च्या शैक्षणिक धोरणाने ती जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय गेवराई तालुक्यात गढी येथे आहे. तिथे सहावी ते बारावी राहून शिकायचे. किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी व एक तृतीयांश मुलींसाठी असतात. गरीब घराला याहून मोठा आधार कोणता?

पण हिशेब आधी नीट मांडू. जागा असतात जास्तीत जास्त 80. तालुके आपले 11. म्हणजे तालुक्यास सरासरी सात मुले. शिवाय सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते, पुन्हा बसता येत नाही. तेव्हा चांगली तयारी केलेलीही पुष्कळ मुले निवडली जाणार नाहीत, हे ठरलेलेच आहे. ही गोष्ट आईबापांना आणि गुरुजींना परीक्षेआधी ठाऊक असली, तर मुलाच्या छातीवरचे ओझे पुष्कळ कमी होते. निकालानंतर ठाऊक होऊन उपयोग नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या घरातलीच गोष्ट आहे. मी एम.ए. झालेला, कॉलेजात शिकवणारा माणूस. पुतण्या नवोदयला बसायचा म्हटल्यावर सगळी सूत्रे मी हातात घेतली. पहाटे पाचला उठवायचे, रोज एक नमुना पेपर, आणि मिळालेले गुण भिंतीवर खडूने लिहायचे. गुण चांगले पडत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री जेवताना मी त्याला म्हणालो, "बघ बरं, नंबर नाही लागला तर गावात तोंड दाखवायची सोय राहायची नाही." मी अर्धवट थट्टेत म्हणालो होतो. तो काही बोलला नाही. त्याच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली, ती मला दिसली आणि मी तिचा अर्थ लावला नाही.

पेपरात त्याने बारावा प्रश्न अवघड म्हणून सोडला, पण तेराव्याचे उत्तर बाराव्याच्या गोलात भरले. पुढची सगळी रांग एकेक घर सरकली. तिसाच्या पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानात आले. उत्तरपत्रिकेवर पेनाने भरलेला गोल बदलता येत नाही. उरलेला वेळ त्याने नुसते बसून काढला. घरी येऊन म्हणाला, "चांगला गेला." खरे काय ते तीन दिवसांनी त्याने आपल्या आजीला सांगितले, मला नव्हे.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की पेपराची भीती दोन जागांहून येते. एक भीती अनोळखी गोष्टीची. ती सरावाने जाते. दुसरी भीती घरातून येते आणि ती घरानेच काढायची असते, तिथे कितीही नमुना पेपर सोडवले तरी उपयोग होत नाही.

पहिलीविषयी आधी सांगतो. पेपर दोन तासांचा, प्रश्न 80, गुण 100. बुद्धिमत्तेचे 40 प्रश्न, अंकगणिताचे 20, भाषेचे 20. पेपर मराठीतून देता येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एका प्रश्नास दीड मिनिट येते. हे ऐकून मोठी माणसे घाबरतात. पण घड्याळ समोर ठेवून दीड मिनिट गप्प बसून पाहा, म्हणजे ते किती लांब असते ते कळेल. मुलालाही एकदा तसे बसवून दाखवावे.

गोल भरण्याचा सराव मात्र वेगळा करून घ्यावा. गुरुजींनी साध्या कागदावर 80 प्रश्नांचे गोल आखून द्यावेत आणि मुलांना पेनानेच भरायला लावावेत, पेन्सिल नको. सराव करताना मुद्दाम मधले दोन-तीन प्रश्न सोडायला सांगावे. डाव्या हाताचे बोट प्रश्नाच्या आकड्यावर, पेन त्याच आकड्याच्या गोलावर, आणि दर पाच प्रश्नांनी एकदा दोन्ही आकडे जुळतात का ते पाहायचे. एवढी एक सवय माझ्या पुतण्याला मी लावली असती तर! मी त्याला गणिते घालीत बसलो.

बुद्धिमत्तेच्या भागात नुसत्या आकृत्या असतात. दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न. त्यासाठी महागडी पुस्तके आणि शहरातली शिकवणी लागतेच असे नाही. रद्दी कागदाची घडी घालून दाभणाने भोक पाडा आणि उलगडण्यापूर्वी विचारा, भोके किती नि कुठे? आरशातील आकृतीसाठी घरातला कुंकवाचा आरसा पुरतो. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी अर्धी काढून उरलेली पुरी करायला सांगा. आजीच्या वाकळेत एकच तुकडा वेगळा बसला असेल तर तो शोधू द्या. आमच्याकडच्या एका म्हातारीला हे सांगितले, तर ती हसून म्हणाली, "आवो सर, हे तर आमी लेकरायसंगं रोजच करताव की!" आजीला अक्षर येत नसले तरी परीक्षेचा निम्मा भाग तिला घरी घेता येतो.

अंकगणितात लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश, परिमिती, नफा-तोटा पक्के असावे. भाषेसाठी रोज न वाचलेला एक उतारा वाचून त्यावर मुलानेच प्रश्न काढावेत. यापेक्षा जास्त सांगत नाही, शिक्षकमंडळी ते जाणतात.

आता दुसरी भीती. ऊसतोडीला जाताना मूल बरोबर न्यावे की गावी ठेवावे, हा प्रश्न घराघरांत असतो. मी म्हणेन, ठेवता येत असेल तर ठेवावे. कोप्यांवर गेले की शाळा तुटते, तयारीही तुटते. शिवाय ग्रामीण राखीव जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत पूर्ण सत्र शिकलेले असावे लागते. हंगामी वसतिगृहाची सोय गावात असेल तर तिचा लाभ घ्यावा, आणि त्यासाठी टोळी निघण्याआधीच गुरुजींना भेटावे. पण मागे राहिलेल्या लेकराला "तुझ्यासाठी आम्ही फडात मरतोय" असे कोणी ऐकवू नये. त्याला ते न सांगताही कळते.

निवड झाली नाही तर पुढचे दरवाजे कोणते, हेही मुलाला आधीच सांगून ठेवावे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. नवोदयच्या नववीतील रिकाम्या जागांसाठीही आठवीत असताना परीक्षा देता येते. माझा पुतण्या आठवीत त्या शिष्यवृत्तीला बसला. त्या वेळी मी घरात पेपराचा विषय काढला नाही. गोल त्याने नीट भरले.

परीक्षेच्या दिवशी नवे काही करू नये. केंद्र तालुक्याच्या गावी असेल तर आधी एकदा एस.टी.ने जाऊन शाळा, वर्ग, पाण्याचा नळ पाहून यावे. प्रवेशपत्र आणि दोन पेने रात्रीच पिशवीत ठेवावीत. अलीकडे पेपर साडेअकराला सुरू होतो, तेव्हा सकाळी रोजचीच भाजी-भाकरी द्यावी, पेढे नि दही-साखरेचा थाट नको. पेपरात डोके बधिर झाले, तर पेन खाली ठेवायचे, पाय जमिनीवर टेकवायचे, दहा श्वास मोजायचे आणि येतो तो प्रश्न धरायचा. दहा श्वासांना अर्धे-पाऊण मिनिट जाते, ते फुकट जात नाही.

आणि फडातल्या आईबापांना एक विनंती. त्या दिवशी संध्याकाळी गाडी भरून झाली की घरी फोन करालच. तेव्हा पेपर कसा गेला हे पहिल्यांदा विचारू नका. जेवलास का, आजीची थंडी कशी आहे, शेळी व्याली का, हे विचारा. पेपराचे तो आपण होऊन सांगेल, आणि त्या दिवशी नाही सांगितले तर दुसऱ्या दिवशी सांगेल.