पेपर अवघड गेला म्हणजे पोरगी नापास झाली का?

आपल्या गावागावांतल्या मुली आता नर्सिंग शिकतात. त्यातल्या काहींना अमेरिकेत किंवा कॅनडात नोकरी करायची असते. त्यासाठी एन्क्लेक्स नावाची परवाना परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेच्या परवान्यासाठी तिची फी 200 डॉलर, आणि भारतातल्या केंद्रावर बसायचं तर वर 150 डॉलर. कागदपत्रांचा खर्च वेगळाच. एवढा पैसा काही घरांत गटाच्या कर्जातूनच येतो. म्हणून ही परीक्षा आयांनाही समजायला हवी.

आमच्या एका गटात असं झालं. मुलगी परीक्षा देऊन आली ती रडतच. म्हणाली, "सगळे प्रश्न अवघड होते, आणि 85 प्रश्न झाल्यावर कॉम्प्युटरच बंद झाला." झालं! शेजारणी म्हणाल्या, गटाचे पैसे बुडाले. घरात लगेच लग्नाची बोलणी सुरू झाली. पुढे निकाल आला, मुलगी पास होती. पण नापास झाली असती, तरी अवघड प्रश्नांवरून तसं ठरवणं चुकीचंच होतं.

का ते सांगतो. आपण तराजूत वस्तू तोलतो तेव्हा काय करतो? एक वजन टाकतो. कमी पडलं तर मोठं टाकतो, जास्त झालं तर लहान. एन्क्लेक्समध्ये कॉम्प्युटर तेच करतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न साधारण अवघड येतो, चुकलं की थोडा सोपा. असं करत तो मुलीच्या तयारीच्या जवळ येतो. तिथे निम्मे बरोबर, निम्मे चूक असं होतं. म्हणजे हुशार मुलीलाही पेपर अवघडच वाटणार.

परीक्षेत कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न असतात, वेळ पाच तास. मुलगी पासच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची 95 टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. त्यामुळे 85 वर थांबली म्हणजे पास असंही नाही आणि नापास असंही नाही.

मग प्रश्न अवघड की सोपा हे ठरवतं कोण? नवे प्रश्न आधी खऱ्या परीक्षार्थींनाच देऊन पाहतात. प्रत्येकीच्या पेपरात असे 15 प्रश्न असतात, त्यांचे गुण धरत नाहीत आणि ते कोणते हे तिला कळत नाही. किती जणींना जमलं, कशा तयारीच्या मुलींना जमलं, यावरून त्या प्रश्नाचं वजन ठरतं. जिनं वॉर्डात इन्सुलिन दिलंय तिला इन्सुलिनचा प्रश्न सोपाच वाटेल. तिला सोपा वाटला म्हणून तो हलका ठरत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, चार गोष्टी लक्षात ठेवूया.

एक, मुलीला सांगा, प्रश्न तोलत बसू नकोस. सोडलेल्या प्रश्नाकडे परत येता येत नाही, म्हणून समोर आहे त्याचं उत्तर दे आणि पुढे जा.

दोन, घरी सराव करताना नुसते गुण मोजू नका. चुकलं ते का चुकलं, हे वहीत लिहायला लावा.

तीन, "खरे प्रश्न आधीच देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका.

चार, कर्जाचा हप्ता ठरवताना निकालाच्या भरवशावर राहू नका. नापास झाली तर 45 दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा भरावी लागते. त्याची तजवीज मासिक बैठकीत आधीच करून ठेवा.

आणि पोरगी परीक्षेहून आली की "किती प्रश्न आले?" असं विचारू नका. आधी तिला पोटभर जेवू घाला. अधिकृत निकाल येईपर्यंत तिच्या लग्नाचं कुणी काढलं, तर आपण गटातल्या बायकांनी मिळून त्यांना थांबवायचं.

भेटूया पुढच्या आठवड्यात. नमस्कार.