इंटरनेट पुरविणाऱ्याचे टपालघर

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



प्रवेशाचा अर्ज असो, शिष्यवृत्तीचा असो वा आखातातील नोकरीचा, आज प्रत्येक अर्जावर ई-मेलचा पत्ता मागतात. तो आपण भरतो. पण त्या पत्त्यावर आलेले पत्र कोठे उतरते आणि ते कोण सांभाळतो, हे क्वचितच कोणी विचारतो. आपल्या वसई-विरारमध्ये घरोघरी नेटची तार आणून देणारे लहानमोठे व्यावसायिक आहेत, आणि आपल्यापैकी काही मुले उद्या त्या धंद्यात शिरतील. म्हणून इंटरनेट पुरविणाऱ्याने मेल सर्व्हर कसा निवडावा व कसा चालवावा, हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. थोडा रुक्ष आहे, सांभाळून घ्यावे.

या टपालाचा आपल्याकडील उगम लोकलच्या अंतरावर आहे. जुहू येथील एनसीएसटी ही सरकारी संगणक संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. जुहूच्या त्या यंत्राचे नाव होते ‘शक्ती’. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट इन’ येते, त्या नावांचा कारभारही कित्येक वर्षे याच संस्थेकडे होता. सर्वसामान्य माणसाला मात्र इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. त्या वेळी मुंबईच्या ग्राहकाचा पत्ता असे: आपले नाव आणि पुढे ‘जीआयएएसबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’. यातील ‘बीएम’ म्हणजे बॉम्बे आणि ‘०१’ हा यंत्राचा क्रमांक. पुण्याच्या पत्त्यात ‘पीएन’ असे.

विद्यार्थ्यांनो, येथे जरा थांबा. पत्त्यात यंत्राचे नाव घातले की ग्राहक त्या यंत्राला बांधला जातो. यंत्र जुने झाले, गर्दी झाली, दुसरे आणले, तरी लोकांनी कार्डांवर आणि लेटरहेडवर छापलेला क्रमांक बदलत नाही. त्या काळी ही रीत पुष्कळ ठिकाणी होती. पण अमुक नावाची पत्रे कोणत्या यंत्राकडे न्यावीत हे वेगळे नोंदवून ठेवण्याची सोय, जिला एमएक्स नोंद म्हणतात, १९८६ पासूनच होती. निगमानेही पुढे ‘व्हीएसएनएल डॉट कॉम’ असा आटोपशीर पत्ता दिला. २००२ साली तो निगम टाटांकडे गेला आणि २००८ साली त्याचे नावही बदलले. कंपनीची पाटी बदलते, यंत्र भंगारात जाते; पत्ता मात्र लोकांच्या डायऱ्यांत राहतो. सबब सर्व्हर निवडण्याच्या आधी नाव निवडावे, आणि ते कोणाच्या मालकीचे राहील हे ठरवावे.

आता सर्व्हरकडे येऊ. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा पत्र घेणारा शेवटी एक आकडा उच्चारतो: २५०. आपल्या वसईचा टेलिफोन कोडही ०२५०, त्यामुळे विसरण्याचे कारण नाही. या २५० चा अर्थ, ‘पत्र मिळाले, यापुढे जबाबदारी माझी.’ रजिस्टर पत्राच्या पोचेवर सही करावी तसेच हे. आकडा उच्चारल्यावर पाठविणारा आपली प्रत काढून टाकण्यास मोकळा होतो. त्यानंतर वीज गेली अन् पत्र हरवले, तर ते जगात कोठेच उरत नाही. म्हणून मी निवडीची कसोटी हीच मानतो, की पत्र डिस्कवर नीट लिहिले जाण्यापूर्वी जो २५० म्हणत नाही तोच सर्व्हर घ्यावा.

सेंडमेल हा १९८० च्या दशकातील जुना जाणता सर्व्हर. पण त्याच्या मांडणीची फाईल वाचणे म्हणजे मोडी वाचण्यासारखे, आणि १९८८ साली मॉरिसचा प्रसिद्ध ‘वर्म’ ज्या वाटांनी पसरला त्यांतील एक वाट सेंडमेलमधूनच गेली होती. केंब्रिज विद्यापीठात १९९५ साली एक्झिम निघाला. क्यूमेलने एकाच मोठ्या प्रोग्रामऐवजी लहान लहान प्रोग्राम केले, एकाचा दुसऱ्यावर आंधळा विश्वास नाही असे. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाईल ठेवण्याची ‘मेलडिर’ ही पद्धतही त्यानेच रुळविली. पूर्वी एका ग्राहकाची सारी पत्रे एकाच लांबलचक फाईलमध्ये राहत आणि ती मध्येच बिघडली की सगळीच धोक्यात येत. १९९८ साली वीत्से व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स आला. आज नव्याने मांडणी करणाऱ्याला मी पोस्टफिक्सच सांगेन, आणि ग्राहकांना पत्रे वाचू देण्यासाठी सोबत डव्हकॉट. दोन्ही मोफत आहेत. खर्च येतो तो माणसाचा.

कारण खरा त्रास येणाऱ्या पत्रांचा नसून जाणाऱ्या पत्रांचा आहे. पूर्वी सर्व्हर कोणाचेही पत्र कोठेही पोहोचवीत. त्या भलेपणाचा फायदा जाहिरातबाजांनी घेतला, आणि अशा सर्व्हरांच्या काळ्या याद्या निघाल्या. आज ग्राहकांपैकी एकाच्या संगणकात व्हायरस शिरला आणि त्याने पुरविणाऱ्याच्या सर्व्हरमधून रातोरात हजारो पत्रे सोडली, तर यादीत त्या सर्व्हरचा क्रमांक चढतो आणि सर्व ग्राहकांची पत्रे परत येऊ लागतात. माझ्या माहितीतील एका शाळेची पालकांना गेलेली पत्रे तीन आठवडे स्पॅममध्ये पडत होती. दोष त्याच सर्व्हरवरील एका अनोळखी दुकानदाराच्या खात्याचा निघाला. म्हणून ग्राहकांकडून थेट बाहेर जाणारा २५ क्रमांकाचा दरवाजा बंद ठेवावा, पासवर्ड विचारून ५८७ वरून पत्रे घ्यावीत, एका खात्यातून तासाला किती पत्रे जातील याला मर्यादा घालावी, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या ओळखीच्या तीन नोंदी कराव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना गुगल व याहू यांनी त्या सक्तीच्या केल्या आहेत.

आणखी एक गोष्ट. ‘पोस्टमास्टर’ या नावाचा पत्ता प्रत्येक टपालघरात असलाच पाहिजे, असा इंटरनेटचा जुना नियम आहे. तक्रारी तेथे येतात. पुष्कळ ठिकाणी तो पत्ता असतो, पण त्यावरील पत्रे वाचणारा कोणी नसतो. कोणाचा सर्व्हर बरा चालला आहे हे पाहावयाचे असेल, तर त्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्यात आणि उत्तर येते का ते पाहावे.

मग प्रत्येक लहान पुरवठादाराने हा व्याप करावा काय? माझे मत, रात्री उठून पाहणारा माणूस नसेल तर करू नये. २००४ साली गुगलने एक गिगाबाइट जागा फुकट दिल्यापासून बहुतेकांनी हे काम सोडलेही. ते मोठ्या सेवेकडे द्यावे. नाव मात्र स्वतःच्याच नोंदणीत ठेवावे, म्हणजे उद्या सेवा बदलली तरी ग्राहकाचा पत्ता तोच राहील. पालकांनीही मुलाच्या कायमच्या अर्जावर शेजारच्या सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटाचा पत्ता देऊ नये. पासवर्ड त्याच्याकडे असतो, आणि निवडीचे पत्र आधी त्यालाच दिसते.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या संगणकाच्या तासाला प्रत्येकाने आपल्याला आलेले एक पत्र ‘शो ओरिजिनल’ करून उघडावे. त्यात ‘रिसीव्हड्’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतील. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवितो, म्हणून वाचन खालून वर करावयाचे. वेळेपुढे ‘+०५३०’ दिसले तर ते घड्याळ भारतीय वेळेवर लावलेले आहे. पत्र किती हातांतून आले आणि कोठे किती वेळ थांबले, हे वहीत लिहून आणा.