ओ दिसतो तो ओच असतो का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद हातात आहे. अशा वेळी रक्तावर बोलायला उभे राहणे जरा अवघडच. पण घाबरवणारे काही सांगणार नाही. घरी जाऊन एक छोटे काम करा, एवढेच सांगायला आलो आहे.

रक्ताच्या अभ्यासात आपल्या शहराचे नाव मोठे आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत एक डास सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाचे रक्त त्या डासाला पाजले होते. त्याच्या पोटाच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेगमपेटची ती इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. हैदराबादचे नाव असे हिवतापाशी जोडले गेले. मुंबईचे नाव मात्र थेट एका रक्तगटालाच मिळाले आहे. आज बोलायचे आहे ते त्या गटाविषयी, कारण त्याचा संबंध मराठी घरांशी फार जवळचा आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याची खटपट जुनी आहे. १६६७ साली पॅरिसमध्ये झां देनी या वैद्याने कोकराचे रक्त माणसाला दिले होते. असे प्रयोग जिवावर बेतू लागले आणि त्यांच्यावर बंदी आली. चुकत कुठे होते, हे कळायला १९०१ साल उजाडावे लागले. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवले की माणसामाणसांचे रक्तही सारखे नसते. आज आपण ए, बी, ओ म्हणतो ते गट त्यांनी वेगळे केले. एबी गट लगेच पुढच्या वर्षी सापडला.

गट जनावरांतही असतात. कुत्र्याला पहिल्यांदा दुसऱ्या कुत्र्याचे रक्त दिले तर बहुधा निभावते. मांजराचे तसे नाही. बी गटाच्या मांजराला ए गटाचे थोडे रक्तही घातक ठरू शकते, कारण त्याच्या अंगात ए विरुद्धची प्रतिद्रव्ये आधीपासूनच तयार असतात. या बाबतीत आपण मांजराच्या जातीचे आहोत. आपल्या रक्तात जो पदार्थ नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये आपण लहानपणीच तयार करून ठेवतो.

आता मुंबईची गोष्ट. १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख आला. लेखकांत मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया होते, आणि इंग्लंडचे काही नामवंत संशोधकही होते. मुंबईत अशा व्यक्ती आढळल्या होत्या की ज्यांचे रक्त तपासले तर ओ वाटे, पण ओ गटाचे रक्तही त्यांच्याशी जुळत नसे. जगात तोवर अशा रक्ताची नोंद नव्हती. त्याला 'बॉम्बे रक्तगट' हे नाव पडले. शहराचे नाव मुंबई झाले, तरी रक्तगट अजून बॉम्बेच राहिला आहे.

असे का होते, हे एका साध्या उदाहरणाने सांगतो. भिंतीवर एक खुंटी आहे असे समजा. तिच्यावर टोपी अडकवली की ए गट, उपरणे अडकवले की बी गट, दोन्ही अडकवली की एबी. काहीच अडकवले नाही, नुसती खुंटी राहिली, की ओ गट. या खुंटीला शास्त्रात 'एच' म्हणतात. बॉम्बे गटाच्या माणसाच्या तांबड्या पेशींवर ही खुंटीच नसते. घरात टोपी असेल, उपरणेही असेल, पण अडकवणार कशाला? म्हणून तपासणीत ए दिसत नाही, बी दिसत नाही आणि कागदावर 'ओ' असा शिक्का बसतो. खरी अडचण पुढे आहे. या माणसाच्या अंगात ए आणि बी बरोबरच खुंटीविरुद्धचीही प्रतिद्रव्ये असतात, आणि ओ रक्तात तर खुंट्याच खुंट्या. ते रक्त चढवले की दात्याच्या पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडांवर ताण येतो, जीवही जाऊ शकतो. ओ निगेटिव्ह सर्वांना चालते असे आपण ऐकतो. या माणसांना तेही चालत नाही. त्यांना फक्त बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

हा आजार नव्हे, हे नीट लक्षात घ्या. ही माणसे तुमच्या-माझ्यासारखीच धडधाकट असतात. रक्त घ्यायची वेळ आली तरच प्रश्न उभा राहतो.

युरोपात असा माणूस दहा लाखांत एखादा. आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एक असे धरतात, आणि त्यातही महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, आंध्र-तेलंगण या पट्ट्यात प्रमाण अधिक आहे. म्हणजे आपण बरोबर त्या पट्ट्याच्या मध्यावर बसलो आहोत. खुंटी नसण्याचा गुण आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच तो मुलात दिसतो. आपल्या घरांची मुळे नांदेड, परभणी, बीदर, गुलबर्गा या भागांत आहेत. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेली रीत होती. एकाच आजी-आजोबांकडून आलेला गुण अशा लग्नात दोन्ही बाजूंनी पुन्हा एकत्र येण्याची शक्यता वाढते. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. आपल्या घरात विचारणा करायला मात्र कारण आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट. आई ओ, वडील ओ आणि मूल ए, असा कागद हातात आला की घरात कुजबुज सुरू होते. अहो, आई बॉम्बे गटाची असू शकते. टोपी आईच्या पेटीत होतीच, तिला अडकवायला खुंटी नव्हती. वडिलांकडून खुंटी आली आणि मुलाच्या अंगावर टोपी दिसली. तसेच आई किंवा वडील एबी असताना मूल ओ निघाले, तरी हेच कारण असू शकते. संशय घेण्याआधी रक्तपेढीतल्या डॉक्टरांना विचारा. एका कागदावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करू नका.

मे २०२४ मधली बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. इंदूरला एका तरुण स्त्रीला शस्त्रक्रियेच्या वेळी चुकून ओ पॉझिटिव्ह रक्त दिले गेले. ती बॉम्बे गटाची होती. प्रकृती फार बिघडली. शिर्डीचे एक फुलांचे व्यापारी चारशेहून अधिक किलोमीटर गाडीने प्रवास करून इंदूरला पोचले आणि त्यांनी रक्त दिले. तिच्या थोरल्या बहिणीनेही दिले. या बहिणीकडे विशेष लक्ष द्या. आई-वडील दोघे हा गुण बाळगून असतील तर प्रत्येक भावंडात तो उतरण्याची शक्यता चारात एक असते. अनोळखी माणसांत दहा हजारांत एक आणि सख्ख्या भावंडांत चारात एक! म्हणून दाता शोधायचा तो आधी घरात.

आता ते छोटे काम. घरी गेल्यावर सर्वांचे रक्तगट एका वहीत लिहून काढा. ज्यांच्यापुढे 'ओ' आहे त्यांनी स्वतःला विचारावे, ही तपासणी कोठे झाली? शाळेत किंवा शिबिरात काचपट्टीवर थेंब ठेवून केलेली तपासणी बहुधा एकाच बाजूची असते, म्हणजे फक्त तांबड्या पेशींची. रक्तपेढीत सीरमही तपासतात. त्यात ओ गटाच्या पेशी घालून पाहिल्या की बॉम्बे गट पकडला जातो, कारण त्या पेशींच्या गुठळ्या होतात. शंका आली तर पुढची खात्री मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी होऊ शकते. इथे आपण कशालाही 'हौ, पाहू' म्हणून सोडून देतो. हे तेवढे सोडू नका. निरोगी असाल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रक्तदान करणे. रक्त दुसऱ्याच्या कामी येईल आणि तुमची तपासणीही दोन्ही बाजूंनी होईल.

घरात कोणी बॉम्बे गटाचे निघालेच, तर प्रथम सर्व भावंडे तपासून घ्या, मग ती पुण्यात असोत की अमेरिकेत. खिशात चिठ्ठी असू द्या. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण ठरले की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. वेळ हाताशी असेल तर स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते. बॉम्बे दात्यांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्था आहेत, तेथे नाव नोंदवा. रक्ताची पिशवी शीतकपाटात पस्तीस ते बेचाळीस दिवसच टिकते. त्यामुळे अशा दात्याने दर शिबिरात रक्त देण्यापेक्षा हाक येताच धावून जाणे अधिक उपयोगाचे.

आपल्या मंडळाकडे सभासदांच्या पत्त्यांची यादी आहे. पुढच्या वर्षीच्या यादीत नावापुढे रक्तगटाचा एक रकाना असावा, आणि 'ओ' समोर 'दोन्ही बाजूंनी तपासले' अशी खूण असावी, एवढी विनंती कार्यकारिणीला करतो आणि थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!